लेव्हेनहूकचे भिंग

सतराव्या शतकात कोकणकिनाऱ्यावरील वेंगुर्ल्यास वलंदेजांची वखार होती. या वलंदेजांच्या मायदेशी, हॉलंडात, डेल्फ्ट नावाचे एक टुमदार शहर आहे. शहरातून कालवे वाहतात, कालव्यांवर लहान लहान पूल आहेत, आणि निळ्या नक्षीच्या पांढऱ्या भांड्यांसाठी ते आजही प्रसिद्ध आहे. या शहरात २४ ऑक्टोबर १६३२ रोजी टोपल्या विणणाऱ्या एका कारागिराच्या घरी आंतोन व्हान लेव्हेनहूक याचा जन्म झाला. पुढे ज्याच्या चित्रांनी जगास वेड लावले तो व्हर्मेर हा चित्रकारही त्याच महिन्यात त्याच शहरात जन्मास आला. एकाने रंग आणि प्रकाश यांची उपासना केली. दुसऱ्याने त्याच प्रकाशाच्या साहाय्याने, मानवी डोळ्यांस तोवर कधी न दिसलेली एक सृष्टी पाहिली.

आंतोन पाच-सहा वर्षांचा असतानाच त्याचे वडील वारले. आईने पुढे दुसरा विवाह केला आणि मुलास परगावच्या शाळेत धाडले. तेथे तो लिहिणे-वाचणे व हिशेब शिकला. परंतु त्या काळच्या विद्वानांची जी भाषा, ती लॅटिन, त्यास कधीच आली नाही. सोळाव्या वर्षी तो आम्स्टरडॅम येथे कापडाच्या एका पेढीवर उमेदवारीस राहिला. सहा वर्षांनी, १६५४ साली, तो डेल्फ्टला परतला, त्याने विवाह केला, एक घर विकत घेतले आणि त्यातच कापडाचे दुकान थाटले. कापड, फिती, गुंड्या अशा वस्तू तो विकू लागला. १६६० साली नगराच्या न्यायाधिकाऱ्यांच्या दालनाची व्यवस्था पाहण्याची नोकरी त्यास मिळाली. दालन वेळेवर उघडणे, ते झाडून घेणे, हिवाळ्यात तेथे विस्तव पेटवणे, अशी ती कामे होती. ज्याच्या नावापुढे एकही पदवी नाही, ज्याच्या घरी ग्रंथसंग्रह नाही, असा हा माणूस एक दिवस जगातील विद्वानांस नवी दृष्टी देईल, असे त्या वेळी कोणी सांगितले असते तर डेल्फ्टचे लोक हसले असते.

घरात मात्र दुःखाने ठाण मांडले होते. त्याच्या पाच अपत्यांपैकी चार अगदी तान्हेपणीच गेली. १६६६ साली पत्नीही निवर्तली. मारिया ही एकच कन्या उरली. आणि तिने पुढे आयुष्यभर वडिलांची सोबत केली.

कापडाचे व्यापारी कापडाचा पोत पाहण्यासाठी, त्यातील धागे मोजण्यासाठी भिंग वापरीत. लेव्हेनहूकच्या हातीही भिंग आले ते बहुधा याच निमित्ताने. परंतु इतरांना जेथे धागे दिसले की समाधान होई, तेथे याचे कुतूहल जागे झाले. याहून मोठे दिसेल काय? आणखी मोठे? तो स्वतःच भिंगे घडवू लागला. मसुरीच्या दाण्याहूनही लहान असे काचेचे भिंग तो घाशी, त्यास झिलई देई, दोन छोट्या धातूच्या पट्ट्यांमधील बारीक छिद्रात ते बसवी आणि पाठीमागे एक टोकदार सुई लावी. पाहावयाची वस्तू सुईच्या टोकावर ठेवावयाची, मळसूत्र फिरवून ती मागेपुढे करावयाची आणि भिंग अगदी डोळ्याशी नेऊन उजेडाकडे पाहावयाचे. हे झाले त्याचे सूक्ष्मदर्शक यंत्र! तळहातावर मावणारे हे यंत्र वस्तू दोनशे सत्तर पटींपर्यंत मोठी करून दाखवी. त्या काळी इतरांपाशी जी मोठी, दोन-दोन भिंगांची यंत्रे होती, त्यांतून इतके स्वच्छ दिसत नसे. अशी पाचशेच्या वर भिंगे त्याने आपल्या हयातीत तयार केली. उत्तमांतील उत्तम भिंग कसे घडवावे याची रीत मात्र त्याने कोणासही सांगितली नाही. ज्ञानाच्या क्षेत्रात अशी लपवाछपवी शोभत नाही, असे मला वाटते. पण व्यापाऱ्याचा तो पिंडच होता.

मधमाशीची नांगी, उवेचा पाय, लाकडाचा पापुद्रा, बुरशी, जे हाती येईल ते तो सुईच्या टोकावर चढवी. डेल्फ्टमधील एका विद्वान वैद्याने, रेनिए द ग्राफ याने, १६७३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्र लिहून या अशिक्षित शोधकाची ओळख करून दिली. रॉयल सोसायटी ही शास्त्रज्ञांची सभा तेव्हा नुकतीच कोठे नावारूपास येत होती. लेव्हेनहूक आपल्या बोलीत, साध्या डच भाषेत, पत्रे लिही. लंडनला त्यांची भाषांतरे होत आणि सभेच्या नियतकालिकात ती छापली जात. हा पत्रव्यवहार थोडाथोडका नव्हे, पन्नास वर्षे चालला.

१६७४ साली शहराजवळच्या एका तळ्याचे हिरवट पाणी त्याने भिंगाखाली धरले, तो त्यात असंख्य चिमुकले जीव हिंडताना दिसले. दोन वर्षांनी त्याने मिऱ्यांवर प्रयोग केला. आपल्या मलबारातून जहाजे भरभरून नेली जाणारी मिरी इतकी तिखट का, तिच्या कणांना काटे तर नसतील ना, असा प्रश्न त्यास पडला, म्हणून त्याने ती पाण्यात भिजत घातली. काटे तर दिसले नाहीत. परंतु काही दिवसांनी त्या पाण्यात पूर्वीच्यापेक्षाही सूक्ष्म जीवांची दाटी झालेली आढळली. ही हकीगत त्याने लंडनला कळवली, तेव्हा मात्र तेथील विद्वानांच्या भिवया उंचावल्या. पाण्याच्या एका थेंबात लक्षावधी प्राणी? एक कापडविक्या सांगतो आणि आपण मान डोलवायची? रॉयल सोसायटीने स्वतः प्रयोग करून पाहिला, तो फसला. लेव्हेनहूक चिडला नाही. त्याने धर्मोपदेशक वगैरे आठ प्रतिष्ठित गृहस्थांना आपल्या भिंगातून ते जीव दाखवले आणि त्यांच्या साक्षी लेखी घेऊन लंडनला पाठवल्या. अखेर रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञाने अधिक चांगले भिंग सिद्ध केले आणि नोव्हेंबर १६७७ मध्ये भरसभेत ते जीव सर्वांस दाखवले. त्यानंतर तीन वर्षांनी सभेने लेव्हेनहूकला आपला सदस्य करून घेतले.

आता ज्या शोधासाठी ही कथा मुख्यतः सांगावयाची, त्याकडे वळू. दातांकडे त्याचे लक्ष पूर्वीपासून होते. १६७८ साली त्याने दाताच्या कापाचे निरीक्षण करून असे दाखवून दिले होते की, दगडासारखा भरीव दिसणारा दात आतून अतिशय बारीक नळ्यांचा बनलेला असतो. त्या इतक्या बारीक की, सहा-सातशे नळ्या एकत्र केल्या तरी दाढीच्या एका केसाहून जाड होणार नाहीत. परंतु दातांच्या आत काय आहे यापेक्षा दातांवर काय आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरावयाचा होता.

त्या काळी युरोपात दातांची अवस्था फार वाईट असे. वेस्ट इंडीजमधील मळ्यांतून साखर येऊ लागली होती, आणि आम्स्टरडॅममध्ये ती शुद्ध करण्याचे कारखाने जोरात चालत होते. दाढ दुखू लागली म्हणजे न्हाव्याकडे किंवा जत्रेतील दात उपटणाऱ्याकडे जावे, आणि चारचौघांदेखत किंकाळ्या फोडीत ती उपटून घ्यावी, एवढाच उपाय सामान्यांस ठाऊक होता. राजेमहाराजेही यातून सुटले नव्हते. १६७२ साली ज्याने प्रचंड सैन्यानिशी हॉलंडवर स्वारी केली, त्या फ्रान्सच्या चौदाव्या लुईची गोष्ट ऐकण्याजोगी आहे. १६८५ साली त्याच्या वरच्या जबड्यातील दात काढताना टाळूस भोक पडले, आणि राजेसाहेबांनी प्यालेले पेय नाकावाटे बाहेर येऊ लागले. सारे युरोप ज्यास भीत असे, त्याची एका दाढेपुढे ही दशा!

लेव्हेनहूक मात्र आपल्या दातांस फार जपे. १७ सप्टेंबर १६८३ रोजी लंडनला धाडलेल्या पत्रात त्याने आपला नित्यक्रमच सांगितला आहे. रोज सकाळी तो मिठाने दात घाशी आणि पाण्याने चूळ भरी. जेवण झाले की दातकोरण्याने दाढांच्या फटी साफ करी आणि फडक्याने दात खसखसून पुशी. त्यामुळे पन्नाशी उलटली तरी त्याचे दात त्याच्या वयाच्या इतर माणसांत क्वचित दिसावेत इतके स्वच्छ व शुभ्र होते, आणि मिठाने कितीही घासले तरी हिरड्यांतून रक्त येत नसे. असे असूनही भिंगाच्या आरशात पाहता दाढांच्या फटींत भिजवलेल्या पिठासारखा थोडा पांढरा, चिकट मळ राहिलेला त्यास दिसला. इतके घासूनही हा राहतो तरी कसा, आणि हा आहे तरी काय?

त्याने तो मळ काढला, ज्यात जीव नाहीत अशी खात्री केलेल्या पावसाच्या स्वच्छ पाण्यात तो कालवला आणि भिंग डोळ्याशी नेले. त्या पांढऱ्या मळात जीव होते! काही लांबट होते. मासा जसा पाण्यातून सणकन जातो तसे ते जात. काही भोवऱ्यासारखे गरगरत. आणखी काही इतके चिमुकले आणि इतके असंख्य होते की, चिलटांचा थवा एकमेकांतून घोंघावत असावा तसे ते भासले. या जीवांच्या आकृती काढवून त्याने पत्रासोबत पाठवल्या. त्या छापून निघाल्या, आणि आज त्या पाहणारे तज्ज्ञ सांगतात की, मानवाने पाहून रेखाटलेली जीवाणूंची ही अगदी पहिली चित्रे होत. ती कोणा रोग्याच्या शरीरातील नव्हती. रोज दात घासणाऱ्या एका निरोगी माणसाच्या तोंडातील होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

एकाच माणसावरून निष्कर्ष काढावयाचा नाही, हे त्या शाळेत फारसे न शिकलेल्या माणसास पक्के ठाऊक होते. त्याने दोन स्त्रियांच्या तोंडातील लाळ तपासली. एका आठ वर्षांच्या मुलाचीही तपासली. लाळेत त्यास जीव दिसले नाहीत, पण दातांच्या फटींतील मळात मात्र सर्वांच्याच ते होते. पुढे एका वृद्धाशी बोलत असता त्याच्या दातांवर चढलेली पुटे लेव्हेनहूकच्या नजरेस पडली. हा वृद्ध निर्व्यसनी होता. दारूस शिवत नसे, तंबाखू ओढत नसे. परंतु शेवटचे तोंड कधी धुतले, असे विचारता, आपण जन्मात कधी तोंड धुतलेच नाही, असे त्याने सांगितले. त्याच्या दातांवरील मळाचा कण पाण्यात कालवला तेव्हा पूर्वी कधी पाहिली नव्हती एवढी गर्दी दिसली. मोठ्या जातीचे जीव अंगास वळसे देत चालले होते, आणि सारे पाणीच जणू सजीव झाले होते. निर्व्यसनीपणाचे सारे पुण्य गाठीस असूनही दातांनी त्यास क्षमा केली नव्हती.

मग त्याने दुसरा वृद्ध गाठला. हा रोज सकाळी ब्रँडी घेई, दुपारी मद्य आणि तंबाखू यांची संगत करी. इतक्या दारूत ते जीव जिवंत तरी कसे राहत असतील, हे त्यास पाहावयाचे होते. पाण्याने तोंड धुण्याचे नाव या गृहस्थाने कधी काढले नव्हते. रोज मद्याने तोंड धुतले जाते, तेवढे त्यास पुरे वाटे. त्याच्याही दातांवरील मळात जीव होतेच, फक्त काहीसे कमी. मात्र दारूने जंतू मरतात म्हणून दात राखले जातात असा अर्थ कोणी काढू नये. त्या वृद्धाचे दात विलक्षण घाण होते, हे लेव्हेनहूकने स्वच्छ नमूद केले आहे. दारू आणि तंबाखू यांनी हिरड्यांचा आणि मुखाचा किती नाश होतो, तोंडाचा कर्करोगदेखील कसा होतो, हे आज सर्वांस माहीत आहे. आपल्याकडे भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावून दात स्वच्छ होतात अशी समजूत खेडोपाडी आहे. तीही अशीच घातक आहे.

या साऱ्या निरीक्षणांत एक प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. लेव्हेनहूकने तीव्र शिर्का घेतला. दातांवरील मळ त्यात कालवताच जीव तत्काळ मेले. मग त्याने तोच शिर्का तोंडात घेऊन दात भिजवले आणि नंतर मळ काढून पाहिला. वरवरचे जीव मेले होते. परंतु मळाच्या आतील जीव खुशाल जिवंत होते! शिर्का आतवर पोचलाच नव्हता. याचा अर्थ काय, तो आपण आज अधिक स्पष्टपणे सांगू शकतो. दातांवरील हा थर म्हणजे नुसती साचलेली घाण नव्हे. जीवाणू एकमेकांस आणि दातास चिकटून, आपल्याभोवती चिकट आवरण करून त्यात राहतात. ती त्यांची गढीच असते. चूळ भरून अन्नाचे कण निघतात, पण ही गढी ढासळत नाही. ती घासूनच मोडावी लागते, आणि ती रोज नव्याने उभी राहते म्हणून रोज मोडावी लागते. काही दिवस तशीच राहू दिली तर लाळेतील क्षारांनी ती दगडासारखी कठीण होते. त्यालाच आपण दातांवरचे किटण म्हणतो. ते मग घरच्या ब्रशाने निघत नाही. दंतवैद्याकडे जाऊन हत्याराने काढून घ्यावे लागते. (शिर्क्याने चुळा भरण्याचा मोह मात्र कोणी धरू नये. आंबट पदार्थाने दातांचे कवच झिजते.)

हे जीव दातांचे काय बिघडवतात, हे लेव्हेनहूकला उमगले नाही. त्याने रोगाशी त्यांचा संबंध जोडला नाही. तो जोडण्यास आणखी दोन शतके लागली. विलोबी मिलर नावाचा एक अमेरिकन दंतवैद्य बर्लिनमध्ये काम करीत असे. तोंडातील जंतू साखर आणि पिष्टमय पदार्थ यांवर जगतात व त्यांपासून आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल दाताच्या कठीण कवचातील क्षार विरघळवते, असे त्याने प्रयोगांनी सिद्ध केले आणि १८९० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. दात किडतो तो असा. दिवसातून एकदा पोटभर गोड खाल्ले, तर त्या एका वेळेपुरतेच आम्ल तयार होते. परंतु दिवसभर घटकेघटकेस गोळ्या चघळीत राहिले, तर कवचास सावरावयास उसंत मिळत नाही. हिरडीच्या कडेस थर साचला की ती सुजते आणि घासताना रक्त येते. पुष्कळजण रक्त पाहून तेथे घासणेच सोडून देतात. वास्तविक रक्त येते ते बहुधा घासल्यामुळे नव्हे, न घासल्यामुळे. लेव्हेनहूकच्या हिरड्यांतून रक्त येत नव्हते, याचे कारण येथे सापडते.

ज्या आठ वर्षांच्या मुलाच्या दातांवरील मळ त्याने पाहिला, त्याच्या तोंडात दुधाचे व कायमचे असे दोन्ही प्रकारचे दात असणार. दुधाचे दात वीस असतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे, काहीही न पडता, पहिली कायमची दाढ येते. ती दुधाची आहे, पडेलच, अशा समजुतीने घरोघर तिची हेळसांड होते आणि जन्मभर पुरायची ती दाढ दहा-बाराव्या वर्षीच पोखरून जाते. लहान मुलांचा हात सात-आठ वर्षांपर्यंत नीट वळत नाही. तोवर वडीलधाऱ्यांनी त्यांचे दात स्वतः घासून द्यावेत. तीन वर्षांच्या आतील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्याहून मोठ्यास वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते. लेव्हेनहूकच्या मिठात आणि खसखसून घासण्यात मात्र आज थोडा फरक करावा लागतो. फार जोराने व खरखरीत वस्तूने घासले तर कवच आणि हिरड्या झिजतात. म्हणून मऊ ब्रशाने, हलक्या हाताने, पण दोन मिनिटे तरी, सकाळी आणि रात्री निजण्यापूर्वी घासावे, असे दंतवैद्य सांगतात. रात्री लाळ कमी सुटते आणि जंतूंस रान मोकळे मिळते, म्हणून रात्रीचे घासणे विशेष महत्त्वाचे. दातांच्या फटी साफ करण्याची त्याची रीत मात्र आजही तितकीच खरी आहे. टोकदार काडीऐवजी आता त्यासाठी मऊ दोरा वापरतात, इतकेच.

त्याच पत्रात एक मौजेची हकीगत आली आहे. शिर्क्यात बारीक बारीक अळ्या असतात, त्या पाहण्यास काही कुलीन स्त्रिया त्याच्या घरी आल्या होत्या. ते दृश्य पाहून त्यांस किळस आली, आणि पुन्हा शिर्क्यास स्पर्श करणार नाही अशी काहींनी शपथ घेतली. लेव्हेनहूकच्या मनात आले, माणसाच्या दातांवरील मळात साऱ्या राज्यातील माणसांहून अधिक जीव राहतात, हे या स्त्रियांस सांगितले तर त्या काय करतील? आपण रोज तोंड स्वच्छ करतो, तरी साऱ्या नेदरलँड्समधील लोकसंख्येहून अधिक जीव आज आपल्या तोंडात आहेत, असेही त्याने लिहून ठेवले. दुसऱ्यांच्या दातांवर बोट ठेवताना त्याने स्वतःचे दात वगळले नाहीत, हे मला फार आवडते.

पुढे नऊ वर्षांनी, १६९२ साली, त्याने पुन्हा आपले दात तपासले आणि तो चकित झाला. पुढच्या दातांवरील मळात एकही जीव हालताना दिसेना! मागे जे दिसले ते खोटे होते की काय? दुसरा कोणी असता तर त्याने ही गोष्ट दडवून ठेवली असती. याने विचार केला. आपल्या दिनक्रमात काय बदलले? अलीकडे तो रोज सकाळी कॉफी घेत असे, आणि ती इतकी कढत की अंगास घाम फुटावा. उष्णतेने पुढच्या दातांवरील जीव मरत असावेत. मग त्याने मागच्या दाढांच्या फटींतून मळ काढला, कारण तेथे कढत कॉफी पोचत नव्हती. तेथे जीव होते! उष्णतेने जंतू मरतात, ही आज दूध उकळणाऱ्या प्रत्येक घरास ठाऊक असलेली गोष्ट या माणसाने आपल्याच तोंडात पाहिली.

इसवी सन १७०० च्या सुमारास दातांच्या किडीचा वाद त्याच्यापुढे आला. दातात अळी शिरते, ती दात पोखरते आणि त्यामुळे ठणका लागतो, ही समजूत फार प्राचीन आणि जगभरची आहे. आपण मराठीत दात किडला असे म्हणतो, त्या शब्दाच्या पोटातही तीच समजूत दडलेली आहे. युरोपात खुरासनी ओव्याचे बी निखाऱ्यावर टाकून त्याची धुरी देत. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन कीड पाडण्याचा उद्योग चालत आला आहे. धुरीनंतर भांड्यात बारीक, पांढऱ्या अळ्यांसारखे काहीतरी दिसते आणि रोग्याची खात्री पटते. परंतु ओव्याच्या बीतून तापल्यावर जे वळलेले कोंब बाहेर पडतात तेच अळ्यांसारखे भासतात. लेव्हेनहूकपुढे मात्र खरोखरीचे किडे आले. धुरी देऊन एका दातातून काढलेले म्हणून ते दाखवण्यात येत होते. त्याने ते भिंगाखाली ठेवले, जुनाट चीजमध्ये होणाऱ्या अळ्यांशी ताडून पाहिले आणि दोन्ही एकच असल्याचे लंडनला कळवले. दाताने त्यांस जन्म दिला नव्हता. त्या अन्नाबरोबर आलेल्या होत्या. दातात खरी कीड होती ती डोळ्यांस न दिसणारी. ती त्याने सतरा वर्षांपूर्वीच पाहिली होती. परंतु हीच ती, असे त्या काळी कोणी ओळखले नाही. त्यामुळे आणखी दोनशे वर्षे लोकांचे दात धुरीखाली आणि चिमट्याखालीच राहिले.

कीर्ती मात्र घरी चालत आली. १६९८ साली रशियाचा झार पीटर डेल्फ्टवरून जलमार्गाने जात असता त्याने लेव्हेनहूकला आपल्या नावेवर बोलावून घेतले. ईल माशाच्या शेपटीतून वाहणारे रक्त त्याने झारास भिंगातून दाखवले. दुकानातील तागे केव्हाच मागे पडले होते. येणाऱ्याजाणाऱ्यांचा त्यास कंटाळाही येई, आणि ओळखीच्या पत्राशिवाय तो कोणास भेटेनासा झाला. म्हातारपणी दात पडले, दृष्टी मंदावली, हात कापू लागला, तरी पत्रे थांबली नाहीत. ऑगस्ट १७२३ मध्ये तो अंथरुणास खिळला. छातीखाली उठणाऱ्या विचित्र उचक्यांसारख्या वेदनांचे वर्णन त्याने शास्त्रज्ञास साजेल असे बारकाईने करून ठेवले. शेवटची दोन पत्रे लंडनला पाठवण्यासाठी लॅटिनमध्ये भाषांतरित करण्याची विनंती त्याने आपल्या वैद्य मित्रास केली, आणि २६ ऑगस्ट रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्याने प्राण सोडला.

त्याच्या इच्छेप्रमाणे मारियाने चांदीची सव्वीस सूक्ष्मदर्शक यंत्रे एका सुबक पेटीत घालून रॉयल सोसायटीस धाडली. ती पेटी एकोणिसाव्या शतकात हरवली. डेल्फ्टमधील जुन्या चर्चमध्ये मारियाने वडिलांचे स्मारक उभारले. तिने लग्न केले नाही. १७४५ साली ती वारली, तेव्हा तिलाही त्याच चर्चमध्ये वडिलांजवळ पुरण्यात आले.